फोटो छापलात, आता वर्षाने त्या शाळेत परत जा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

कालच्या अंकात पान ५ वर एका कंपनीने शाळेला टीव्ही भेट दिल्याचा फोटो पाहिला. कंपनीचे पाहुणे खुर्च्यांवर, मध्ये रिबीन बांधलेला मोठा टीव्ही, आणि मागे उन्हाने डोळे बारीक केलेली मुलं. बातमीत कंपनीचं नाव चार वेळा आलं. शाळेचा पट किती, वीज आहे का, मुलांनी काय मागितलं होतं, यावर एक ओळ नाही. रात्री नीट झोप लागली नाही, म्हणून सकाळीच लिहायला बसलो.

पेठ तालुक्यातल्या एका पाड्यावर मी नऊ वर्षं मुख्याध्यापक होतो. पट ६३. मुलींच्या शौचालयात पाणी नव्हतं. टाकी मिळाली होती, पण ती ठेवायला स्टँड नव्हता आणि पाणी आणायला पाइप नव्हता. पाचवी ते सातवीच्या मुली खिचडी खाऊन घरी जायच्या, त्या परत येत नसत. अशात एका कंपनीचा फोन आला, सीएसआरमधून, म्हणजे कंपन्यांनी समाजकामासाठी खर्चायच्या पैशातून, शाळेला काही द्यायचं आहे म्हणून. मी पाण्याचं सांगितलं. ‘सर, यंदाचं बजेट डिजिटलचं आहे,’ असं उत्तर मिळालं. बिल थकल्यामुळे आमचं मीटर काढून नेलं आहे, हेही मी सांगितलं. आमच्याएवढ्या पटाला समग्र शिक्षा या सरकारी योजनेचं अनुदान वर्षाला २५ हजार; त्यातून खडू, दुरुस्ती, स्वच्छता आणि वीजबिल असं सगळं भागवायचं. पण समोरच्या माणसाला तारीख ठरवायची घाई होती.

चार संगणक आले. कार्यक्रम अकराचा, पाहुणे आले दीड वाजता. तोवर मुलं लेझीम घेऊन पटांगणात उभी. दुसरीतली एक पोर चक्कर येऊन खाली बसली. मी तिला सावलीत नेलं, पाणी पाजलं आणि बाकीच्यांना तसंच उभं ठेवलं. त्या दिवशी मुलांना आत बसवायला हवं होतं. ते मी केलं नाही, याचं मला आजही वाईट वाटतं.

ते संगणक एक दिवसही चालले नाहीत. पावसाळ्यात खोक्यांना बुरशी आली, वायरी उंदरांनी कुरतडल्या. पण डेडस्टॉक रजिस्टरला, म्हणजे शाळेच्या सामानाच्या वहीत, नोंद होती आणि निर्लेखन (वस्तू निकामी म्हणून रीतसर कमी करणं) झाल्याशिवाय ती निघत नाही. निवृत्तीच्या वेळी चार्ज देताना ती चार खोकी मी नव्या गुरुजींना मोजून दिली आणि त्यांची सही घेतली.

भिंतीवर बोर्ड मात्र ‘सप्रेम भेट’. भेट कसली? कंपनीला वर्षाला ५ कोटींचा निव्वळ नफा असला, तर सीएसआरवर मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे २ टक्के खर्च करावेच लागतात. २०१३ च्या कंपनी कायद्याचं कलम १३५ तसं सांगतं. कारखाना जिथे आहे त्या परिसराला प्राधान्य द्या, हेही त्याच कलमात आहे. आणि वर्षाने परत जाऊन कामाचा परिणाम बाहेरच्या संस्थेकडून तपासून घ्यायची सक्ती आहे ती फक्त १० कोटी किंवा जास्त सीएसआर असणाऱ्या कंपन्यांना, तीही एक कोटी आणि त्यावरच्या कामांसाठी. आमच्या चार संगणकांकडे कोण बघणार होतं?

या कायद्यात कुठेच न बसणारा एक माणूस मला भेटला. नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीत त्याची शेड, दोन लेथ, तीन वेल्डर. आमच्या पाड्यावरचा एक मुलगा त्याच्याकडे हेल्पर होता, त्याने शाळेचं सांगितलं. कारखान्याच्या सुट्टीच्या दिवशी तो टेम्पोत भाड्याचा जनरेटर, वेल्डर आणि प्लंबर घेऊन आला. आधी तासभर नुसता फिरला. खिचडी शिजवणाऱ्या ताईंना विचारलं, काय अडतं? मग अँगलचा स्टँड उभा केला, गावच्या टाकीपासून पाइप आणला, दाराला आतून कडी बसवली, अकरा बाकांचे पाय जोडले. संध्याकाळी निघाला, फोटो काढला नाही. पुढच्या मे महिन्यात परत आला आणि गळणाऱ्या नळाचा वॉशर बदलून गेला. तिसऱ्या वर्षीही आला. मुली दुपारनंतर थांबायला लागल्या.

सातपूर-अंबडच्या प्रत्येक कारखान्यात इलेक्ट्रिशियन आहे, फिटर आहे. वर्षातला एक दिवस तो माणूस शाळेला द्या. दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत ऑक्टोबर छाटणीला पेठ-सुरगाण्याचीच माणसं येतात, मुलं बरोबर असतात आणि बांधावर बसून राहतात. बागाईतदारांनी त्या मुलांना जवळच्या शाळेत सोडणारी एक जीप लावली, तरी मी त्यांचे पाय धरेन.

जाता जाता आणखी एक. आमच्या इंदिरानगरमधल्या चौकात सुशोभीकरणाच्या नावाखाली एका व्यावसायिकाने स्वतःच्या नावाचा एवढा मोठा बोर्ड लावला आहे की वळणारी गाडी दिसत नाही. झाडं वाळली, बोर्डाचा दिवा रात्रभर जळतो. दोनदा अर्ज दिला, उत्तर नाही.

आणि पान ५ वरच्या त्या शाळेत पुढच्या जूनमध्ये तुमचा वार्ताहर पाठवा. टीव्हीच्या आधी मीटर जोडलेलं आहे का, ते बघायला सांगा. मग मुलींच्या शौचालयाचा नळ उघडून बघायला सांगा.

आपला,
एक निवृत्त मुख्याध्यापक,
इंदिरानगर, नाशिक