ॲक्सिलरेटर केबलची तपासणी आधी करा

महोदय,

जुन्या पिकअप ट्रकविषयी नेहमी कानावर येणारी तक्रार म्हणजे ‘गाडी पूर्वीसारखी ओढत नाही’. अशी गाडी गॅरेजमध्ये गेली की कार्ब्युरेटर उघडला जातो, डिझेल असेल तर पंप आणि नोझल तपासणीला पाठवले जातात, क्लच प्लेटवरही संशय घेतला जातो. परंतु चालकाच्या पायापासून इंजिनापर्यंत जाणारी ॲक्सिलरेटर केबल पुरती ओढली जाते की नाही, हे पाहण्याचे बहुधा कोणाला सुचत नाही. इंजिन बंद ठेवून एकाने पेडल तळापर्यंत दाबायचे आणि दुसऱ्याने बॉनेटखाली केबलच्या दुसऱ्या टोकाच्या लीव्हरवर नजर ठेवायची, एवढीच ही तपासणी आहे. ती सर्वांत आधी व्हावी आणि प्रत्येक सर्व्हिसिंगमध्ये व्हावी, असे माझे आग्रहाचे म्हणणे आहे.

ही केबल म्हणजे बाहेरच्या आवरणात सरकणारी, पोलादी तारांची पिळलेली दोरी. तिचे एक टोक पेडलच्या दांड्याला आणि दुसरे टोक पेट्रोल इंजिनात थ्रॉटलच्या (इंजिनात जाणारी हवा कमीजास्त करणाऱ्या झडपेच्या) लीव्हरला, तर जुन्या डिझेल इंजिनात इंधन पंपाच्या लीव्हरला जोडलेले असते. वर्षानुवर्षांच्या वापराने आतली तार किंचित लांबते, पेडलकडचे प्लॅस्टिकचे बुश झिजते, केबिनच्या पत्र्यातून केबल जिथे बाहेर पडते तिथले रबर सैल होते, कधी केबल धरून ठेवणारी इंजिनावरची पट्टी वाकते. यांपैकी एकेक गोष्ट क्षुल्लक वाटते, पण त्यांची बेरीज झाली की पेडलची सुरुवातीची चाल नुसती ढिलाई भरून काढण्यात खर्ची पडते. समजा, लीव्हर पूर्ण उघडण्यासाठी केबल ४० मिलिमीटर ओढली जायला हवी आणि त्यातले १० मिलिमीटर ढिलाईत गेले, तर पेडल तळाला टेकले तरी लीव्हरचा शेवटचा चौथा हिस्सा कधी उघडतच नाही.

हा दोष ध्यानात न येण्याचे कारणही समजून घेण्याजोगे आहे. पेट्रोल इंजिनाचे फेरे कमी असताना थ्रॉटलची झडप अर्धी उघडली तरी इंजिनाला त्या वेळी लागणारी बहुतेक हवा मिळते, त्यामुळे सपाट रस्त्यावर आणि रिकाम्या गाडीत काहीच जाणवत नाही. माल भरून चढ चढताना, फेरे वाढवून पूर्ण ताकद मागितली की मगच उणीव उघडी पडते आणि चालक साहजिकच इंजिनाला दोष देतो.

याहून मला अधिक खटकते ती यावर केली जाणारी चुकीची दुरुस्ती. ढिलाई घालवण्यासाठी आयडलचा (पेडल सोडल्यावर इंजिन किती फेऱ्यांवर चालावे हे ठरवणारा) स्क्रू आवळून लीव्हर थोडा उघडा ठेवला जातो. लीव्हर आधीच उघडा राहिल्याने केबलची ढिलाई त्याने उलट वाढते, शिवाय उभ्या गाडीत इंजिन जास्त फेऱ्यांवर चालू लागते, इंधन वाया जाते आणि उतारावर इंजिनाचा रोध कमी पडतो. आयडलचा स्क्रू आयडलसाठी आहे. केबलची दुरुस्ती केबलवरच झाली पाहिजे.

त्यासाठी बहुतेक गाड्यांत इंजिनाकडच्या टोकाला आटे असलेली नळी आणि तिच्यावर पट्टीच्या दोन्ही बाजूंना एकेक नट असतो. एक सैल करून दुसरा फिरवला की आवरण पुढेमागे सरकते आणि तारेची ढिलाई कमीजास्त होते. हे काम इंजिन पुरते गरम झाल्यावर, ते बंद करून आणि किल्ली काढून करावे. चोक (थंड इंजिन सुरू होण्यास मदत करणारी योजना) असलेल्या कार्ब्युरेटरमध्ये इंजिन थंड असताना लीव्हर मुद्दाम किंचित उघडा धरलेला असतो आणि केबल आहे त्याहून जास्त ढिली दिसते. तेव्हाच ती ताणली तर इंजिन गरम झाल्यावर थ्रॉटल पूर्ण मिटत नाही. हा बारकावा माहीत नसल्याने अनेकदा नीट केलेले कामही बिघडते.

केबल पूर्ण ताणून ठेवणे ही ढिलाईपेक्षा मोठी चूक आहे, हे मी मुद्दाम सांगू इच्छितो. इंजिन आपल्या रबरी माउंटिंगवर हलत असते. माउंटिंग थकलेले असेल तर ते अधिकच हलते आणि ताठ केबल आपोआप ओढली जाऊन इंजिन मध्येच रेस होते. म्हणून तारेत थोडी ढिलाई राहिलीच पाहिजे. किती, ते गाडीगणिक बदलते आणि निर्मात्याच्या पुस्तिकेत दिलेले असते: काही बनावटींत तार मध्यभागी बोटाने दाबल्यावर १० ते १२ मिलिमीटर लवावी असे सांगितलेले असते, तर काहींत ढिलाई नावापुरतीच ठेवायची असते. पेडलखाली थांबा असेल तर तोही पाहावा. लीव्हर पूर्ण उघडताच पेडल त्या थांब्यावर टेकले नाही, तर चालकाच्या पायाचा सगळा जोर तारेवर येतो आणि ती पुन्हा लांबते.

ज्या जुन्या गाड्यांत ऑटोमॅटिक गिअरबॉक्सची वेगळी केबल थ्रॉटलच्या लीव्हरलाच जोडलेली असते, तिथे अंदाजाने नट फिरवू नयेत. काही गिअरबॉक्समध्ये आतला तेलाचा दाब त्या केबलवर ठरतो आणि ती चुकीची लागली तर क्लचपट्ट्या जळू शकतात.

टोकाशी तारेचे धागे तुटून बाहेर आले असतील, किंवा आवरणाला पीळ पडून पेडल अडखळत परतत असेल, तर ती केबल जुळवण्याची नव्हे, बदलण्याची आहे. अडकलेली तार थ्रॉटल उघडाच ठेवू शकते. भरलेल्या गाडीत त्याचा अर्थ काय होतो हे चालकांना वेगळे सांगायला नको. परत ओढणारी स्प्रिंगही त्याच वेळी तपासावी.

गॅरेजचालकांना माझी विनंती आहे की, पेडल दाबल्यावर लीव्हर शेवटच्या थांब्यापर्यंत जातो का आणि सोडल्यावर झटकन आयडलच्या स्क्रूवर परततो का, या दोन नोंदी त्यांनी जॉब कार्डवर छापून घ्याव्यात आणि त्या चालकाच्या देखत भराव्यात. पंप किंवा कार्ब्युरेटर उघडण्याची परवानगी चालकाने त्यानंतरच द्यावी.

आपला,
एक वाचक