अ‍ॅक्सोलॉटलचे कालवे वाचायला हवेत

मा. संपादक,

अ‍ॅक्सोलॉटलचे फोटो हल्ली सगळीकडे फिरतात, तो हसरा गुलाबी चेहरा बघून वाटतं हा प्राणी भरपूर असेल, पण जंगली अ‍ॅक्सोलॉटल गडद तपकिरी असतो आणि मेक्सिको सिटीतल्या सोचिमिल्कोच्या कालव्यांत जेमतेम उरलाय. १९९८ च्या मोजणीत तिथे चौरस किलोमीटरमागे अंदाजे ६००० होते, २०१४ मधे ३६!

हा सॅलमँडर, म्हणजे बेडकाच्या गोतावळ्यातला शेपटीवाला उभयचर, वयात येतो, अंडी घालतो, पण बाहेरचे कल्ले तसेच ठेवून आयुष्यभर पाण्यातच राहतो, तुटलेला पाय हाडासकट परत उगवतो, म्हणून लॅबमधे त्याला केवढी डिमांड. कालव्यांत मात्र लोकांच्या खाण्यासाठी सोडलेले कार्प आणि तिलापिया त्याची अंडी-पिल्लं फस्त करतात, वर शहराचं सांडपाणी.

टँकमधे खूप आहेत म्हणून गप्प बसणं मला अजिबात पटत नाही, पिढ्यानपिढ्या आपसात वाढवलेले ते प्राणी, त्यांचा जीन पूल, म्हणजे जनुकांची विविधता, छोटा. तिथले शेतकरी आणि राष्ट्रीय विद्यापीठातले संशोधक चिनांपांच्या, म्हणजे तळ्यातल्या जुन्या शेतांच्या, कडेचे कालवे फिल्टर लावून माशांपासून बंद करतायत, खरं काम ते आहे. त्यावर तुमच्या पेपरात सविस्तर लेख यावा ही मनापासून विनंती.

– एक वाचक