'मानवी चूक' लिहिता, पण तो माणूस झोपला कधी होता?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

कुठलं जहाज खडकावर चढलं किंवा दुसऱ्यावर आदळलं की पेपरात बातमी येते, शेवटी एक ओळ "प्राथमिक तपासात मानवी चूक", की विषय संपला. मी बरीच वर्षं मालवाहू जहाजांवर मेट (कॅप्टनच्या हाताखालचा अधिकारी) होतो, त्यामुळे ही ओळ वाचली की पहिला प्रश्न डोक्यात येतो, तो माणूस त्याआधी झोपला कधी होता?

नियम कागदावर छान आहे. 2006 च्या मेरिटाइम लेबर कन्व्हेन्शनप्रमाणे (जहाजावरच्या कामगारांसाठीचा आंतरराष्ट्रीय करार) 24 तासांत किमान 10 तास आणि आठवड्यात 77 तास विश्रांती, ती पण फार तर दोन तुकड्यांत आणि त्यातला एक सलग 6 तासांचा तरी हवा. खोल समुद्रात 4 तास वॉच (म्हणजे पाळीची ड्यूटी) 8 तास आराम चालू असतो तोवर जमतं हो. खरी बोंब बंदरात. पायलट (बंदरात जहाजाला वाट दाखवणारा) येणार रात्री दोनला, सगळे मूरिंगला म्हणजे जहाज धक्क्याला बांधायला उभे, दोर बांधून होतात तोच कार्गो सुरू, मधेच इन्स्पेक्शन, मधेच बंकर म्हणजे इंधन भरणं, आणि लोडिंग संपलं की लगेच बाहेर आणि परत तोच माणूस ब्रिजवर, म्हणजे जहाज चालवायच्या जागी. छोट्या जहाजांवर तर कॅप्टन आणि एकच मेट, 6 तास तू 6 तास मी, असं महिनोन्महिने.

आणि वर रेस्ट अवरचा तक्ता भरायचा. आमच्याकडे सॉफ्टवेअर होतं, खरे तास टाकले की चौकोन लाल, लाल दिसला की ऑफिसचा मेल. मग आम्ही तो हिरवा करायचो. मी पण केलाय, लपवत नाही. तपासणीला येणारा हिरवागार तक्ता बघून खूश (शेजारचं लॉगबुक उघडलं असतं तर रात्री दोनला मूरिंगला कोण होतं ते दिसलंच असतं, पण असो). 2020 मध्ये वर्ल्ड मेरिटाइम युनिव्हर्सिटीने यावर अख्खा रिपोर्ट काढला, त्यातही हेच, तास नियमात 'बसवले' जातात.

शेन नेंग 1 हे जहाज आठवतंय का? एप्रिल 2010, कोळसा भरून ऑस्ट्रेलियातून निघालं आणि काही तासांत ग्रेट बॅरियर रीफवर चढलं, कारण वॉचवरच्या चीफ मेटकडून वळण घ्यायचं राहिलं. चूक त्याचीच, मान्य. पण तपासात निघालं की लोडिंगच्या गडबडीत आधीच्या साडेअडतीस तासांत तो फक्त अडीच तास झोपला होता.

असे पूर्ण रिपोर्ट यायला बऱ्याचदा वर्ष लागतं, तोवर बातमी शिळी झालेली असते म्हणून कोणी छापत नाही. तुम्ही तेवढा छापा, आतल्या पानावर चार ओळी दिल्या तरी चालेल.

आपला,
एक माजी चीफ मेट