हौदाचा स्लॅब अजून कच्चा आहे, बुधवारी जनरेटर ठेवू नका

प्रति,
मा. अध्यक्ष आणि कमिटीचे सगळे मेंबर
विषय: जनरेटर बसवायची तारीख पुढे ढकलण्याबद्दल

काका, नमस्कार.

काल रात्री मेसेज वाचला की जनरेटरची गाडी बुधवारी येतेय आणि हायड्रा (चाकांवरची क्रेन) लावून तो हौदाच्या नव्या स्लॅबवरच उतरवणार. वाचल्यापासून चैन पडेना म्हणून सविस्तर लिहितेय, ग्रुपवर एवढं मावलं नसतं. स्लॅब गेल्या सोमवारी भरलाय. बुधवारी त्याला ९ दिवस होतील. नऊ दिवसांच्या स्लॅबवर दीड टनाचं मशीन, तेही खाली हौद असताना, हे करू नका अशी अगदी हात जोडून विनंती आहे.

घाई कशासाठी चाललीय ते मला कळतं. मागच्या वर्षी आरतीच्या वेळेला लाइट गेली आणि चौथ्या मजल्यावरच्या आजी लिफ्टमध्ये अडकल्या, त्या कशा घाबरल्या होत्या ते मी स्वतः पाहिलंय, बाहेर काढल्यावर माझाच हात धरून बसल्या होत्या. या वर्षी गणपती बसायच्या आधी जनरेटर हवाच असं मीटिंगमध्ये सगळ्यात आधी मीच म्हटलं होतं. जनरेटरला माझा विरोध नाहीच, फक्त तो जिथे ठेवायचाय ती जागा अजून तयार झालेली नाही.

मिस्त्री म्हणतो "मॅडम, पत्थर हो गया है, नाचो ऊपर." वरून चालताना कडक लागतो हे खरंय, पण चालायला कडक होणं वेगळं आणि वजन पेलायची ताकद येणं वेगळं. सिमेंट नुसतं सुकून घट्ट होत नाही, पाण्याशी त्याची रासायनिक क्रिया होते आणि ती हळूहळू, आठवडेच्या आठवडे चालते, त्यातूनच ताकद येते. मध्येच पाणी कमी पडलं तर ती क्रिया तिथेच मंदावते आणि स्लॅब कायमचा थोडा कमजोर राहून जातो. साधारण हिशेब असा असतो की ७ दिवसांत दोन-तृतीयांश ताकद येते आणि डिझाइनमध्ये जी ताकद धरतात ती २८ दिवसांची असते. एम २० काँक्रीट म्हणतात ते हेच, म्हणजे २८ दिवसांनी दर चौरस मिलिमीटरला २० न्यूटन. आणि आपल्याकडे आलेल्या गोण्यांवर पीपीसी (मिश्र सिमेंटचा एक प्रकार) लिहिलेलं होतं, मी मुद्दाम पाहिलं, त्यात कोळशाची बारीक राख म्हणजे फ्लाय अ‍ॅश असते आणि ते सिमेंट सुरुवातीचे दिवस आणखी सावकाश ताकद धरतं. म्हणूनच आयएस ४५६ मध्ये, म्हणजे काँक्रीटच्या कामाच्या भारतीय मानकात, साध्या सिमेंटला कमीत कमी ७ दिवस पाणी मारायला सांगितलंय आणि पीपीसीसारख्या मिश्र सिमेंटला किंवा कोरड्या गरम हवेत १० दिवस, आणि तेही १४ पर्यंत नेलं तर बरं. शिवाय त्या दिवशी मिक्सर चालू असताना माल घट्ट वाटला म्हणून पोरांनी दोन वेळा बादलीभर जास्त पाणी ओतलेलं मी बाल्कनीतून पाहिलंय, पाणी जास्त झालं की ताकद कमी होते, तेव्हा आपला स्लॅब त्या हिशेबाच्या थोडा मागेच असेल असं धरून चालायला हवं.

आता वजनाचं बघा. सहा इंची स्लॅबचं स्वतःचंच वजन चौरस मीटरला पावणेचारशे किलोच्या आसपास होतं, आत्ता ते सगळं खालच्या बल्ल्यांवर, म्हणजे टेकूंवर आहे. आपल्या कोटेशनमध्ये जनरेटर कॅनपीसकट (बाहेरच्या पेटीसकट) १५०० किलो लिहिलाय, डिझेल वेगळं. ते वजन सगळीकडे सारखं पसरत नाही, खालच्या फ्रेमच्या दोन पट्ट्यांवर येतं. आणि तो नुसता ठेवलेला दगड नाही, इंजिन मिनिटाला १५०० चक्कर फिरतं, म्हणजे सेकंदाला २५, तो थरथराट सगळा खाली उतरणार. त्याच्याआधी बोल्टसाठी हॅमर ड्रिलने भोकं पाडणार, कच्च्या काँक्रीटमध्ये भोकाच्या कडा उडतात आणि बोल्ट नीट धरत नाही. आणि हायड्रा! तो स्वतः कित्येक टनांचा, त्याचं एक चाक जरी स्लॅबच्या कडेवर चढलं तर काय होईल ते मला बोलवतसुद्धा नाही.

बल्ल्या मंगळवारी काढणार असंही ऐकलं, ते तर अजिबात नको. आयएस ४५६ मध्ये साडेचार मीटरपर्यंतच्या स्लॅबला टेकू कमीत कमी ७ दिवस ठेवा म्हटलंय, त्याच्या वर १४, पण हे साध्या सिमेंटचं आणि स्लॅबनं आपलं आपलं वजन पेलण्यापुरतं आहे, मशीन चढवायची परवानगी त्यात कुठेच नाही.

हे मी पुस्तकातलं सांगत नाहीये हो. सुदामा नगरला आमचं घर बांधलं तेव्हा ठेकेदाराला दुसऱ्या साइटवर सेंट्रिंग हवं होतं म्हणून आठव्या दिवशी त्यानं टेकू काढले आणि दुसऱ्याच दिवशी गच्चीच्या मधोमध हजार लिटरची टाकी ठेवून भरून टाकली, म्हणजे एक टन. दिवाळीपर्यंत काही दिसलं नाही. मग स्वयंपाकघराच्या छताला केसासारखी एक रेघ दिसली, पुढच्या पावसाळ्यात तिथून पाणी टिपकायला लागलं, मग सळई गंजली, मग प्लास्टरचा तुकडा ओट्यावर पडला, आई दोन मिनिटांपूर्वीच तिथून उठली होती. बाबांनी तीनदा वॉटरप्रूफिंग करून घेतलं पण ती रेघ काही गेली नाही. तिथे खाली ओटा होता काका, इथे खाली आठ फूट पाणी असणार आहे, हौद साफ करायला माणूस आत उतरणार आहे आणि संध्याकाळी सगळी पोरं त्याच स्लॅबवर बसलेली असतात.

आज सकाळी मी खाली जाऊन आले. पाऊस आहे म्हणजे क्युरिंग (स्लॅब सतत ओला ठेवणं) आपोआप होतंय असं सगळे धरून चाललेत, पण तीन दिवसांत एकच सर आली, बाकी ऊन आणि वारा. चौकीदार भैया सकाळी सातला एकदा पाइप फिरवतात, दुपारी एक वाजता मी तळहात टेकवून बघितला तर स्लॅब पांढरा कोरडा, कडेचं बारदानसुद्धा कडक झालेलं. नर्मदेचं पाणी एक दिवसाआड येतं म्हणून काटकसर चाललीय हे समजतं, पण बोअर आहे ना. सिमेंटच्या मालाच्या दोन इंची उंच कडा घालून छोटे छोटे वाफे केले आणि पाणी भरून ठेवलं तर सारखं कोणी उभं राहायला नको. दुपारची आणि रात्रीची पाळी मी आणि शेजारच्या वहिनी सांभाळू, त्यांच्याशी बोलणं झालंय.

आणखी एक, स्लॅबच्या वेळी टेस्टसाठी त्याच काँक्रीटचे जे सहा इंची क्यूब (ठोकळे) भरले होते ते गेटच्या केबिनमागे उन्हात पडलेत आणि एक तर गेट अडवायला लावलाय. ते साच्यातून काढल्यापासून टेस्टपर्यंत पाण्यात बुडवून ठेवायचे असतात, तीन ७ दिवसांनी आणि तीन २८ दिवसांनी दाबून बघतात, स्लॅबची ताकद कागदावर दाखवणारी आपल्याकडची ती एकच गोष्ट आहे. आजच्या आज ते पिंपात टाकायला सांगा. ७ दिवसांची टेस्ट परवा सोमवारी आहे, इतके दिवस कोरडे राहिल्यामुळे रिपोर्टवर कितपत विश्वास ठेवायचा तेही आपल्या इंजिनियर साहेबांना विचारून घ्या, गरज वाटली तर ते रिबाउंड हॅमरनं (स्लॅब न फोडता ताकदीचा अंदाज देणारं यंत्र) स्लॅबच तपासतील. आणि जनरेटरचं वजन डिझाइनमध्ये धरलं होतं का, एवढं त्यांच्याकडून लेखी घ्या, कारण हौदाचं काम ठरलं तेव्हा जनरेटर गेटजवळ बसणार होता.

गणपतीचं म्हणाल तर दहा दिवस ट्रॉलीवरचा जनरेटर भाड्यानं आणू, लग्नांत आणतात तसा, आणि मांडवामागे पक्क्या जमिनीवर उभा करू, हौदापासून लांब. भाड्याची वर्गणी वेगळी काढायची तर आमच्या घराकडून पहिली घ्या. डीलरला आज फोन करून गाडी थांबवा, अ‍ॅडव्हान्स दिलेला आहे, माल कुठे जात नाही, गोडाऊनचं थोडं भाडं मागितलं तरी देऊन टाकू. मी कॅलेंडर घेऊन मोजलं, अनंत चतुर्दशीला आपण सगळे झांक्या (मिरवणुकीतले देखावे) बघायला जाणार, त्यानंतर फक्त पाच दिवसांनी, सोमवारी, स्लॅबचे २८ दिवस पूर्ण होतात. इंजिनियर साहेब हो म्हणाले की त्याच आठवड्यात बसवू, हायड्रा मात्र तेव्हाही रस्त्यावरच उभा राहू दे.

उद्या रविवारी सकाळी आठला मी हौदाजवळ असेन. तुम्ही आणि सेक्रेटरी साहेब दहा मिनिटं खाली आलात तर वाफे कुठून घालायचे ते मिस्त्रीला तिथेच दाखवू, त्याला मी बोलावून ठेवलंय.

आपली,
बी विंग, फ्लॅट २०४
इंदूर