निळं पडलं तरी पाणी उतरत नाही

तीर्थरूप बाबा आणि आई,
साष्टांग नमस्कार.

परवा फोनवर बाबांनी विचारलं, "हल्ली लेथला धारेच्या तयार टिपा मिळतात ना? झिजली की फिरवायची. मग तू हाताने टूलला धार लावत दगडावर बोटं कशाला घासून घेतेस?" मागे लेथवर लोखंडी गज फिरत होता, म्हणून 'नंतर सांगते' म्हटलं. पण हे फोनवर उरकण्यासारखं नाही.

बाबा, तुमची ती रुंद पटाशी आठवते? मी सहावीत होते. तुम्ही घरी नसताना ती ग्राइंडरच्या चाकावर धरली आणि टोक निळंशार झालं. मला तर तो रंग आवडलाच होता! तुम्ही आलात, पटाशी उजेडात धरलीत, "पाणी उतरलं" (म्हणजे पोलादाचा कडकपणा गेला) एवढंच म्हणालात आणि संध्याकाळभर तो निळा भाग घासून काढत बसलात. रागावला असतात तर परवडलं असतं. तेव्हापासून चाकासमोर उभी राहिले की माझा डोळा आधी निळा रंग शोधतो.

त्यामुळे हायस्पीड स्टीलचं टूल, म्हणजे लेथवर धातू कापणारी पट्टी, पहिल्यांदा हातात आलं तेव्हा माझं एकच चाललेलं. चाकावर दोन सेकंद, की पाण्यात. पुन्हा दोन सेकंद, की पाण्यात. तासाभरात अर्धी बाजूही उतरली नाही. इथले जुने टर्नरकाका बराच वेळ बघत होते. शेवटी त्यांनी पाण्याचा डबा उचलून लांब ठेवला आणि म्हणाले, "ही पटाशी नाही." मी त्यांना पटाशीचं कधी सांगितलेलंही नव्हतं. सुताराची मुलगी हातावरून ओळखू येते की काय, कोण जाणे.

तुमचं चुकलं नव्हतं, बाबा. साध्या पोलादाचं पाणी २०० अंशांच्या पुढे उतरायला लागतं, आणि निळा रंग येतो तो ३०० च्या आसपास. म्हणजे पटाशी निळी दिसली तेव्हा तिचं काम आटोपलेलंच होतं. हे पोलाद वेगळं. आम्ही वापरतो त्या एम-२ जातीत टंगस्टन साधारण ६ टक्के, मॉलिब्डेनम ५, क्रोमियम ४ आणि व्हॅनेडियम २. कारखान्यात त्याला पाणी देतानाच शेवटी साडेपाचशे अंशांच्या आसपास तापवलेलं असतं. त्यामुळे ग्राइंडरवर वरची कातडी निळी झाली तरी आतलं पोलाद कडकच राहतं. ६०० अंशांपर्यंत ते दाद देत नाही. उलट भीती डब्यातल्या पाण्याचीच. फार तापलेलं टूल पाण्यात बुडवलं तर वरचा थर एकदम आक्रसतो, डोळ्यांना न दिसणाऱ्या चिरा पडतात आणि मग कापताना धार कणाकणाने झडते. म्हणून पाणी दाखवायचं तर तापू न देता, सतत. एकदा तापलं की बाजूला ठेवून आपोआप निवू द्यायचं.

यावर बाबा मान हलवणार, मला माहीत आहे. पण जुन्या लोहारांनीही अशीच हलवली असेल. टूल लालबुंद रंगापलीकडे तापवलं की वाया गेलं, हेच सगळे धरून चालत. फ्रेडरिक टेलर आणि माँसेल व्हाइट या दोघांनी अमेरिकेतल्या बेथलेहेम स्टीलमध्ये १८९८ च्या सुमारास टंगस्टन-क्रोमियमची टूल्स मुद्दाम त्याच्या कितीतरी पुढे, वितळण्याच्या जवळपास नेली. ती बिघडायच्या ऐवजी सुधारली. १९०० च्या पॅरिसच्या प्रदर्शनात त्यांचं टूल टोकाशी लाल होऊनही कापत होतं. (हा टेलर म्हणजे कामगारांच्या हालचाली घड्याळ लावून मोजणारा तोच. त्याबद्दल त्याला माफी नाही.)

ठिणग्यासुद्धा वेगळ्या असतात. तुमच्या पटाशीच्या ठिणग्या पांढऱ्या, पुढे फुटून तारे व्हायच्या. याच्या मंद लाल, मरगळलेल्या. पहिल्या दिवशी मला वाटलं चाकच खराब आहे.

पण खरी फजिती पुढे झाली. आधी साध्या लोखंडाच्या चौकोनी तुकड्यांवर सराव केला, मग हायस्पीड स्टीलच्या ८ मिलिमीटरच्या पट्टीवर आले. टूलला तीन बाजू द्यायच्या. आधी कुशीची, मग समोरची, शेवटी माथ्याचा उतार, आणि कोपऱ्याला अगदी बारीक गोलाई. कुशीला आणि समोर, धारेखाली ८ ते १० अंश सुटलेलं हवं. माथ्याला साध्या पोलादासाठी १२ ते १४ अंश उतार. पितळेला माथा सपाटच, नाहीतर टूल स्वतःहून आत ओढलं जातं. हे आकडे मला तोंडपाठ होते. टूल आरशासारखं चकचकीत झालं, लेथवर टूल धरणाऱ्या पोस्टात बांधलं, लावलं, आणि ते नुसतं किंचाळलं. कापेना. जॉब, म्हणजे कापायचा तुकडा, तापला, त्यावर एक गुळगुळीत पट्टा उठला, बस. मी आणखी दाबलं, आणखी किंचाळलं.

काकांनी टूल काढलं आणि काटकोन बघायचा लहानसा गुण्या उभा करून त्याला लावला. धारेखाली पोट! मी चाकावर धरताना मनगट वळवत राहिले होते, त्यामुळे सपाट बाजूऐवजी चार-पाच पैलू पडलेले आणि त्यातला एक धारेच्याही पुढे आलेला. म्हणजे जॉबला धार लागतच नव्हती, पोट घासत होतं. बाबा, तुमचा गुण्या मी लहानपणी पट्टी म्हणून वापरायचे आणि तुम्ही ओरडायचात. आता तो एप्रनच्या खिशात असतो.

मनगट बांधून पूर्ण अंगाने डावीकडे-उजवीकडे सरकायचं, हे अंगात मुरायला दोन महिने गेले. सांगायला एक ओळ आहे, बघा.

आई, आता तुझं. चाकावरून आलेली बाजू किंचित खोलगट असते, कारण चाक गोल. त्यावर ऑइलस्टोन, म्हणजे धारेचा दगड, टेकवला की तो दोनच ठिकाणी टेकतो, वर धारेशी आणि खाली टाचेशी. या दोन काठांवर दगड आपोआप बसतो, हाताने कोन सांभाळायला नको. पण बसला की नाही हे कळणार कसं? तर तू कापडावर कात्रीआधी खडू फिरवतेस, तसा मी मार्कर फिरवते. दोन-चार हात मारून बघायचं. शाई दोन्ही कडांवरून गेली आणि मध्ये राहिली, तर बरोबर. फक्त वरच्या कडेची गेली, तर मी दगड डोलवतेय आणि धार गोल करतेय. मग पुन्हा खूण, पुन्हा दगड. पलीकडे उठलेली बर, म्हणजे धातूची बारीक कोर, नखाला अडकते. ती माथ्यावरून हलकेच काढायची. बाबा शेवटी पटाशी तळहातावर फिरवायचे. ते मी करत नाही, घाबरू नकोस.

गॉगल लावते, हातमोजे घालत नाही, कारण चाक ते ओढून घेतं. टेकण आणि चाक यांत ३ मिलिमीटरपेक्षा जास्त फट ठेवत नाही. नवं चाक बसवण्याआधी मडकं वाजवून बघावं तसं वाजवते. चिरलेलं बद्द वाजतं.

आता बाबांचा प्रश्न. टिपा आहेत आमच्याकडे, आणि दिवसभराच्या एकसारख्या कामाला मीही त्याच लावते. साध्या पोलादात त्या मिनिटाला शंभर मीटरच्या पुढे पळतात. हायस्पीड स्टीलला तीसच्या आसपास ठेवावं लागतं, म्हणजे २५ मिलिमीटरच्या गजाला मिनिटाला ३८० फेरे. पण बऱ्याच टिपांची धार मुद्दाम किंचित बोथट केलेली असते, टिकावी म्हणून. व्यासातून मिलिमीटरचे शेवटचे दोन शतांश काढायचे असले की अशी टिप घासत राहते. दगडावरून आलेलं टूल तेवढंही कापतं, आणि पिंजलेल्या कापसासारखा कीस निघतो. शिवाय एखाद्या जॉबला भलतीच खाच हवी असेल, तर तशी टिप शोधत बसण्यापेक्षा अर्ध्या तासात टूल घासून होतं.

गेल्या आठवड्यात एक टूल पूर्ण निळं झालं. मी थांबले, ते बाजूला ठेवलं, निवल्यावर दगड मारला आणि कामाला लावलं. संध्याकाळपर्यंत कापत होतं.

बाबा, तुमचा तो बारीक दाण्याचा दगड अजून आहे का? मध्ये खळगा पडलाय, आठवतंय मला, पण काचेवर कार्बोरंडमची पूड टाकून घासला की सपाट होईल. हात थरथरतात म्हणून तुम्ही आता तो काढतच नाही, असं आई म्हणाली. पुढच्या वेळी येताना घेऊन या, सपाट मी करते. तुम्ही शेजारी बसून मनगट हलतंय का तेवढं बघा.

आणि आई, मार्करची शाई नखांच्या कडेतून कशाने जाते?

तुमची,
धाकटी