ओपन स्पेसमधील शेडबाबत अध्यक्षांना चौथे पत्र

दिनांक : 19 मे 2025

प्रति,
मा. अध्यक्ष,
गृहनिर्माण संस्था, जुळे सोलापूर

विषय : ओपन स्पेसमधील पत्र्याचे शेड काढणे आणि ती जागा भाड्याने देण्याचा विचार सोडून देणे.

संदर्भ : माझी पत्रे दि. 8 जानेवारी 2024, 24 जून 2024 आणि 3 ऑक्टोबर 2024. एकाचीही पोच मिळालेली नाही.

मा. महोदय,

स. न. वि. वि.

आधीच्या तीन पत्रांत 'नम्र विनंती' हे शब्द किती वेळा आले आहेत ते आपल्या फायलीत दिसेल, फाइल ठेवली असेल तर. या खेपेला ते शब्द जपून वापरणार आहे.

प्लॉट नं. 17 च्या धारकांनी 2023 च्या तुळशीच्या लग्नानंतर घरच्या लग्नकार्याचा मांडव म्हणून ओपन स्पेसच्या कोपऱ्यात लोखंडी खांब रोवले. त्या लग्नाला मीही गेलो होतो, आहेरही केला होता. कार्य उरकलं, कापड उतरलं, खांब तसेच राहिले. डिसेंबरात त्यांवर पत्रे चढले. मी विचारायला गेलो तर म्हणाले, "गड्ड्याच्या यात्रेच्या ऑर्डरी हैत काका, यात्रा झाली की काढतो की ओ." त्यानंतर सिद्धेश्वरांची ती गड्ड्याची यात्रा दोनदा झाली. मी पत्रं पाठवत राहिलो आणि तिकडे पत्रे वाढत गेले. सुरुवातीला सहा होते, आज चौदा आहेत. शेड 24 बाय 20 फूट आहे, मी स्वतः टेप लावून मोजलं आहे.

आता तिथे कडक भाकरीचं पॅकिंग होतं आणि शेंगाचटणी कुटायचं मशीन पहाटे पाचला सुरू होतं. त्यांच्या धंद्यावर माझा राग नाही, हे आधीच लिहून ठेवतो, कारण 'काकांना बघवत नाही' असं बोललं गेल्याचं कानावर आलं आहे. निवासी झोनमध्ये घरगुती स्वरूपाचा उद्योग मर्यादेत चालतो हे मलाही ठाऊक आहे. त्यांनी तो स्वतःच्या घरात, स्वतःच्या गच्चीवर करावा. शेंगा भाजल्याचा वास वाईट असतो असंही मी म्हणणार नाही. पण पाच वाजता?

मूळ मुद्दा जागेचा आहे. आपला लेआउट तीन एकरांच्या आसपासचा. एवढ्या जागेचं रेखांकन मंजूर होताना दहा टक्के जमीन मोकळी सोडावी लागते, आणि डिसेंबर 2020 मध्ये मंजूर झालेल्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीतही 4000 चौरस मीटर व त्यावरील जागेसाठी हेच आहे. ती जागा कोणाची वाचली म्हणून उरलेली नाही. आपण अठ्ठेचाळीस जणांनी प्लॉट घेताना तिची किंमत मोजली आहे. "ओपन स्पेसमध्ये वाचनालय, व्यायामशाळा चालते, मग हे का नाही?" असं मला ऐकवण्यात आलं. भाकरीच्या शेडमध्ये कोणता व्यायाम होतो ते त्यांनाच माहीत.

सचिवसाहेबांनी तर कमालच केली. "गुंठेवारीत रेग्युलर होऊन जाईल," म्हणाले. गुंठेवारी म्हणजे मंजुरीशिवाय गुंठ्या-गुंठ्याने पाडलेले प्लॉट. ते नियमित करण्याचा कायदा 2001 चा, 2021 च्या दुरुस्तीने त्याची मुदत 31 डिसेंबर 2020 पर्यंतच्या बांधकामांपुरती वाढवली. हे शेड 2023 चं आहे आणि आपला लेआउट मंजूर आहे, गुंठेवारीतला नाही. गुंठेवारीत घर घेतलेल्यांना ड्रेनेजसाठी आणि रस्त्यासाठी काय चपला झिजवाव्या लागल्या ते हद्दवाढ भागात राहून आपल्याला वेगळं सांगायला नको. आपण जादा पैसे मोजून मंजूर लेआउटमध्ये आलो ते काय हे ऐकायला? महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम 1966 चं कलम 52 आणि 53 त्यांनी एकदा वाचावं. 53 मध्ये पाडण्याची नोटीस आहे, 52 मध्ये एक महिना ते तीन वर्षं कैद आणि दोन ते पाच हजारांचा दंड. कोणी तुरुंगात जावं अशी माझी इच्छा नाही. पण माहिती असावी.

शेडखाली मुरूम टाकून कोबा केला आहे. पूर्वी मृगाचं पाणी त्या कोपऱ्यात आठवडाभर मुरायचं. आता ते माझ्या फाटकापाशी साचतं आणि सोसायटीचं बोअर एप्रिलमध्येच गुळण्या टाकायला लागलं. उजनीचं पाणी आपल्याकडे चार-चार, पाच-पाच दिवसांआड येतं. त्यात नेमकं पाण्याच्या दिवशी त्यांचा टेम्पो व्हॉल्व्हच्या चेंबरवर उभा असतो आणि चावीवाला हॉर्न वाजवत बसतो. मी 1998 साली लावलेल्या दोन कडुनिंबांपैकी एकाच्या फांद्या पत्र्याला लागतात म्हणून छाटल्या गेल्या. वृक्ष प्राधिकरणाची परवानगी विचारली तर हसले. मुलं रस्त्यावर क्रिकेट खेळतात, माझ्या खिडकीच्या दोन काचा गेल्या. झेंड्याचा खांब शेडच्या कडेला आला आहे. गेल्या 15 ऑगस्टला आपण सर्वांनी भाकरीच्या पोत्यांसमोर उभं राहून राष्ट्रगीत म्हटलं. भाषण आपणच केलं होतं, विषय 'शिस्त' होता.

सप्टेंबरच्या वार्षिक सभेत हा विषय शेवटी, 'अध्यक्षांच्या परवानगीने येणारे विषय' यात ढकलला गेला. तोवर चहा आला आणि सभा संपली. आता ऐकतो की कमिटी दरमहा तीन हजार भाडं घेऊन जागा त्यांनाच देणार आहे. जी जागा सगळ्या सभासदांच्या वापरासाठी सोडलेली आहे, ती भाड्याने देण्याचा अधिकार कमिटीला कोणी दिला?

किमान अकरा सभासद माझ्या मताचे आहेत. सही मागितली तेव्हा "बघू, नंतर" म्हणाले, कारण त्यांना भाकरी सवलतीत मिळते. मत मात्र माझ्याच बाजूचं आहे.

माझ्या घराच्या साइड मार्जिनमध्येही, म्हणजे बाजूला सोडलेल्या मोकळ्या पट्ट्यात, आच्छादन आहे, असा प्रश्न मुद्दाम काढण्यात आला. ते 2009 पासून आहे, पावसाचा झोत दारात येतो म्हणून केलेलं आहे, माझ्याच प्लॉटमध्ये आहे आणि तो पत्रा नसून फायबर आहे. दोन्हींची तुलना होऊ शकत नाही.

जून 2023 मध्ये होटगी रोडवर विमानसेवेच्या आड येते म्हणून साखर कारखान्याची चिमणी पाडली. ते बरोबर की चूक हा वाद शहरात अजून चालतो, त्यात मी पडत नाही. पण एवढी मोठी चिमणी खाली येते त्या शहरात आपल्याच्याने चौदा पत्रे उतरवले जात नाहीत?

तरी (1) पंधरा दिवसांत शेड आणि कोबा काढून घ्यावा, (2) भाड्याचा ठराव करू नये, आणि (3) टेम्पो येत्या पाण्याच्या दिवसाआधी चेंबरवरून हलवावा. तिसऱ्यासाठी पंधरा दिवस लागू नयेत. अन्यथा पाचवं पत्र आपल्याला येणार नाही. ते महापालिकेच्या नगररचना विभागाला आणि सहकारी संस्थांच्या उपनिबंधकांना जाईल, सोबत फोटो. उत्तर लेखी द्यावं. व्हॉट्सअॅप ग्रुपवर हात जोडल्याचं चित्र मी उत्तर धरणार नाही.

आपला,
सभासद, प्लॉट नं. 18

ता. क. : गेल्या आठवड्यात त्यांच्याकडून आमच्या घरी कडक भाकरीचा पुडा आणि चटणीचं पाकीट आलं. भाकरी तशीच परत केली आहे. चटणी माझ्या अपरोक्ष फोडली गेली होती, तिचे पैसे पाठवले. त्यांनी ते घेतले नाहीत, म्हणून या पत्रासोबत जोडले आहेत. पोच द्यावी.