क्रेफिश पाळा, पण पिल्ले तलावात सोडू नका

संपादक महोदय,

ठाणे आणि नवी मुंबईतील मत्स्यालयांच्या दुकानांत ‘लॉबस्टर’ म्हणून मिळणारा लाल-निळा जीव हा गोड्या पाण्यातला क्रेफिश असतो. भारतात क्रेफिशची एकही मूळ जात नाही. लाल क्रेफिश मूळचा अमेरिकेच्या (यूएसए) दक्षिणेकडच्या राज्यांचा आणि ईशान्य मेक्सिकोचा, तर रेडक्लॉ ही दुसरी जात उत्तर ऑस्ट्रेलिया आणि न्यू गिनीची. आपल्या हवामानात दोन्ही तगतात. पिशवीत घालून देताना मात्र जातही सांगितली जात नाही आणि निगाही.

एका प्रौढ क्रेफिशला किमान दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि एक फूट उंच टाकी हवी. काचेचा वाडगा चालत नाही. स्पंज फिल्टर लावून आणि रोज चिमूटभर खाद्य टाकून टाकी तीन-चार आठवडे आधीपासून चालू ठेवावी. अमोनिया पचवणारे जिवाणू वाढायला तेवढा वेळ लागतो. नळाचे पाणी बादलीत हवा सोडून २४ तास ठेवावे आणि दर आठवड्याला पाव भाग बदलावे. झाकणावर वजन हवेच, कारण क्रेफिश हवेच्या नळीला धरून बाहेर येतो आणि कल्ले सुकून मरतो.

सर्वाधिक बळी जातात ते कात टाकताना. कात टाकण्याआधी क्रेफिश कवचातले थोडे कॅल्शियम काढून पोटात दोन पांढऱ्या खड्यांच्या रूपात साठवतो. बाकीचे पाण्यातून आणि अन्नातून मिळावे लागते. ठाणे-नवी मुंबईला पाणी देणारी भातसा आणि मोरबे ही पावसावर भरणारी धरणे, त्यांचे पाणी साधारणपणे मृदू. म्हणून टाकीत समुद्रफेसाचा तुकडा ठेवावा. पिंजऱ्यातल्या पक्ष्यांचे सामान विकणाऱ्याकडे तो मिळतो. किनाऱ्यावरून उचललेला असेल तर दोन-तीन दिवस गोड्या पाण्यात बुडवून त्यातले मीठ काढावे. टाकलेली कात पाहून क्रेफिश मेला असे वाटते आणि ती फेकली जाते. ती तशीच राहू द्यावी, तो ती खाऊन कॅल्शियम परत मिळवतो. पुढचे दोन-तीन दिवस त्याचे अंग मऊ असते आणि सोबतचा क्रेफिश त्याला सोडत नाही. म्हणून दोन इंची पीव्हीसी पाइपचे तुकडे क्रेफिशच्या संख्येपेक्षा जास्त टाकावेत.

माशांच्या पांढऱ्या ठिपक्यांवरच्या किंवा गोगलगाई मारायच्या अनेक औषधांत तांबे असते. ते क्रेफिशला मारक आहे. झुरळांची फवारणी, डासांची यंत्रे आणि पालिकेची धूरफवारणी यांचाही धोका मोठा, कारण हवेचा पंप खोलीतलीच हवा पाण्यात सोडतो आणि कीटकांवरची विषे कवचधारी जिवांनाही लागू पडतात. धुराची गाडी आली की खिडक्या लावाव्यात, टाकीवर ओले फडके टाकावे आणि धूर ओसरेपर्यंत पंप बंद ठेवावा. मे महिन्यात पाणी ३० अंशांवर गेले की त्यातला प्राणवायू घटतो. पृष्ठभागावर पंख्याचा वारा सोडावा, आणि वीज गेली तर बॅटरीचा पंप हाताशी असावा.

खाणे थोडेच द्यावे: बुडणाऱ्या गोळ्या, उकडलेला वाटाणा, रस्त्याकडेच्या देशी बदामाचे धुतलेले सुके पान. उरलेले सकाळी काढावे.

आता पैदास. लाल क्रेफिशच्या नराचे पोटाखालचे पहिले पाय कडक होऊन पुढे वळलेले दिसतात. मीलनानंतर मादी अंडी शेपटीखाली चिकटवून फिरते. तशी दिसताच नर काढून घ्यावा, मादी नव्हे. तिला हलवले तर घाबरून ती अंडी झटकते. निरोगी अंडी गडद असतात, नारिंगी पडलेली बहुधा मेलेली. २२ ते २५ अंशांत दोन-तीन आठवड्यांत पिल्ले निघतात, दोन काती आईच्या अंगावरच टाकतात आणि मग सुटतात. तेव्हा आईला वेगळे करावे आणि जावा मॉस हे पाण्यातले शेवाळे भरपूर टाकावे. लपायला जागा कमी पडली तर पिल्ले एकमेकांनाच संपवतात.

एका विणीत दोनशेहून अधिक पिल्ले होऊ शकतात, आणि खरी जबाबदारी इथेच सुरू होते. ती उपवन, मासुंदा हे तलाव, एखादा नाला किंवा खाडीकाठचे पाणथळ यांत सोडणे हा अपराध मानावा इतके ते घातक आहे. लाल क्रेफिश काहीसे खारट पाणी सोसतो, पावसात जमिनीवरून चालत दुसऱ्या पाण्यात जातो आणि काठात खोल बिळे करतो. स्पेन आणि पोर्तुगालमध्ये त्याने भातखाचरांचे बांध पोखरले. आपल्या जिल्ह्यातही भात पिकतो. जपानने १ जून २०२३ पासून त्याची विक्री आणि बाहेर सोडणे बंद केले. मार्बल्ड क्रेफिश तर घरी आणूच नये. त्यात सगळ्या माद्याच, नराशिवाय वीण होते, एक सुटली तरी पुरे.

नको असलेली पिल्ले घ्यायला दुकानदार तयार आहे का, हे जोडी लावण्याआधी विचारून घ्यावे. तो नाही म्हणाला तर जोडी लावू नये. तरीही उरलेली पिल्ले मोठ्या माशांना घालता येतात. प्रौढ क्रेफिश मारावाच लागला तर बर्फाच्या पाण्यात बधिर करून फ्रीझरमध्ये ठेवावा. टाकीतले पाणी मोरीत न ओतता बारीक कापडातून गाळून कुंड्यांना घालावे. नुकती सुटलेली पिल्ले इतकी लहान असतात की बादलीत सहज दिसत नाहीत. दुकानदारांनी प्रत्येक पिशवीवर जातीचे नाव लिहावे आणि मार्बल्ड क्रेफिश विकणे आजच थांबवावे, ही विनंती.

– एक मत्स्यपालक, मानपाडा, ठाणे (प.)